खुर्ची दाराजवळ

सोहारला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर,
टायरच्या दुकानाला लागून आमचं पॉलिक्लिनिक.
सकाळी सहाला कंपनीची बस येते.
माणसं उतरतात निळ्या डांगरीत, उपाशीपोटी,
रक्त द्यायला, छातीचा फोटो काढायला.
'फिट' असा शिक्का बसला तर आणखी दोन वर्षं इथली.
नाही बसला तर विमान.
शिक्का माझ्या खणात असतो,
स्टेपलरच्या पिनांशेजारी.

तफज्जुल त्याचं नाव.
फाइलीवरून वाचलेलं,
आणि पुकारताना दोनदा चुकवलेलं.
तीन तास बसला होता तो एसीच्या थेट झोताखाली.
मारिबेलने काउंटरवरूनच सांगितलं,
सगळ्यांदेखत, इंग्रजीत :
अनफिट.
इंग्रजीतला तेवढाच शब्द त्याला येत होता.

पंचिंग मशीन नेहमीच्या जागी होतं,
त्याच्या हाताच्या अंतरावर.
ते तिथे मीच ठेवलं होतं.

भुवईवर पाच टाके.
ते घालून घेताना मारिबेल विचारत होती,
दुपारी माझ्या जागी कोण बसणार?
खल्फानने त्याला धरलं होतं,
चोराला धरतात तसं नाही,
मयताच्या घरी कुणाला सावरतात तसं.
तफज्जुल स्वतःच्याच हाताकडे बघत होता.

मग मस्कतहून बद्रियाबाई आल्या.
आम्हाला वाटलं, भाषण.
त्यांनी पर्समधून टेप काढली नि मोजायला लागल्या,
टेबल ते दार, दार ते खुर्ची.
तुमची खुर्ची दाराजवळ, म्हणाल्या,
पण त्याचीही वाट अडवू नका.
मला आई आठवली :
मांजराला कोंडून हाकलू नये गं, अंगावर येतं.
ओळखपत्राची दोरी अशी, की ओढली तर तुटावी.
कात्री खणात. पंचिंग मशीनही.
टेबलाखाली, डाव्या पायाशी, एक बटण.
आणि बटण लांब असेल तर मोठ्याने म्हणायचं,
'झाफरानची फाइल आणा.'
झाफरान नावाचा रुग्ण आमच्याकडे नाही.
येऊ नये म्हणून मी रोज यादी बघते.

बाकीचं आमचं आम्ही केलं.
झाडूवाल्या शहाबुद्दीनने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
त्यावर बंगालीत लिहिलं, खाली लॅबच्या पोराने नेपाळीत :
अजून इतकी मिनिटं.
आकडा मी खडूने बदलते.
कधी चाळीसचे साठ करावे लागतात,
तेव्हा उठून, समोर जाऊन, तोंडाने सांगते.
कुरकुरतात. पण बसतात.

आणि नको असलेली बातमी आता काउंटरवर नाही.
आतल्या खोलीत, त्याच्या भाषेचं माणूस शेजारी घेऊन,
आधी बसवून, पाणी देऊन.
पाणी कागदी कपात. काच नको,
हेही बद्रियाबाईंचंच.
माया करायची आणि हाताशी काच ठेवायची नाही.
पहिल्यांदा मला ते अपमानाचं वाटलं.
आता कप भरताना काही वाटत नाही.

तफज्जुलची फाइल मी परत काढली,
कुणी सांगितलं नव्हतं.
रिपोर्टच्या कोपऱ्यात डॉक्टर हफीझांचं अक्षर,
पेन्सिलीचं, पुसट :
जुना डाग असू शकतो. पुन्हा तपासावे.
मारिबेलला दाखवलं.
तिने टाक्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.
पोलिसांच्या कागदावर तिची सही होऊन गेली होती.
तो कुठे आहे, कंपनी सांगत नाही.
मी दोनदा फोन केला.

रात्री संगमेश्वरहून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल येतो.
बँकेचा हप्ता, विहिरीचा पंप, धाकट्याचे मार्क.
त्याचा आवाज जरा चढला
की माझा डावा पाय टेबलाखाली
आपोआप सरकतो, चाचपतो.
तिथे नुसती चप्पल असते.
काय गं, गप्प का झालीस, तो विचारतो.
काही नाही, म्हणते मी,
आणि फोन उचलून
खुर्ची दाराजवळ घेते.