हजेरी

वीस लिटरचा रंगाचा डबा,
पेंटरच्या दारात दोन पावसाळे पडून राहिलेला,
दोन चहांवर मिळाला.
आतून लेप दिला:
कोराडीची राख, कन्हानची रेती,
पारडीत पाडलेल्या चिमणीच्या विटा
तीन रात्री खलबत्त्यात कुटून.
(बायकोनं खलबत्ता नवा घेतला. बिल माझ्या नावावर.)

भात्याऐवजी हेअर ड्रायर,
बंद झालेल्या ब्युटी पार्लरचा;
सुरू केला की पहिला श्वास
अजून कुणाच्या तरी ओल्या केसांचा येतो.
मूस फ्रिजच्या कॉम्प्रेसरची, अर्धी कापलेली.
चौकटींना कळमन्याच्या संत्रापेट्या,
एक वर, एक खाली, मधे राखेची भुकटी.

मोमीनपुऱ्यात मुनाफभाईंनी पिस्टन तोलून दिले,
सव्वातीन किलो. एकेक हातात धरून ओळख करून दिली:
ही लुना, पोस्टमनची.
हा राजदूत, दूधवाल्याचा, काटोलहून रोज यायचा.
हा कोणाचा माहीत नाही,
पण फार चालला आहे.

मी कूलरचा मेकॅनिक. मार्च ते जून माणूस,
उरलेले महिने उधार.
जुन्या कूलरची पुली आता बाजारात मिळत नाही
आणि जुने कूलर काही मरत नाहीत.
एवढाच विचार होता.
गल्ली म्हणाली, काहून बे,
चव्वेचाळीसचा पारा कमी पडून रायला का?

पहिल्यांदा साच्यानं रस थुंकला.
छपराच्या टिनाला एक चांदणी चिकटली, अजून आहे.
डाव्या बुटाला भोक.
दुसऱ्यांदा पुली अर्धीच आली.
तिसऱ्यांदा जे आलं
ते मी कोणाला दाखवलं नाही.

मागच्या खोलीतल्या पार्बतामावशी
तांदूळ निवडत होत्या.
भाडं कधी चुकवत नाहीत, शब्द कधी खर्चत नाहीत.
त्या उठल्या. वाळूची मूठ आवळली, उघडली,
गोळ्याचे मधोमध दोन तुकडे केले,
कडा बघितली.
"ओली हाये. अन् तुले घाई हाये."

अठरा वर्षं हिंगण्याच्या फाउंड्रीत
डोक्यावरून वाळू वाहिली त्यांनी.
चाळायची, भिजवायची, मळायची.
रस ओतायचे ते पुरुष;
बाईनं लाल रेघेच्या अलीकडे थांबायचं.
माल फुटला की शिव्या मात्र वाळूला,
आणि वाळू कोणी आणली, हे सगळ्यांना माहीत.

रात्रभर वाळू ओल्या पोत्याखाली मुरली.
सकाळी त्यांनी साच्यात सायकलची तार खुपसली,
पाच ठिकाणी,
"वाफेलेबी घरी जा लागते."
भट्टीत बघत राहिल्या. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो.
मग म्हणाल्या, आता.

मी चिमटा उचलला, आणि पुढे केला.
अंगणात रेघ कुठेच नव्हती,
तरी त्यांनी एकदा खाली पाहिलं.
रस बारीक धारेनं गेला, न तुटता,
कोणी बशीत चहा ओतावा तसा.

पुली आली. गोल, भोकासकट.

मुसेत वाटीभर रस उरला होता.
मावशींनी कनवटीची गाठ सोडली:
पितळी बिल्ला, २१४.
रोज संध्याकाळी खिडकीत परत द्यायचा असायचा.
फाउंड्री बंद झाली त्या संध्याकाळी
घ्यायला खिडकीत कोणी नव्हतं.

वाळूत दाबला. आकडे उलटे उमटले.
रस पडला, सरळ झाले,
चारची गाठ तेवढी भरली नाही.

थंड होईस्तोवर दोघंही गप्प.
मग पितळेचा परत कनवटीला गेला,
जर्मनचा माझ्या तळहातावर, अजून कोमट.
"सकाळी साताले ये," त्या म्हणाल्या,
"उशीर झाला तं खाडा."