ठोकळा

लोहा ओळीतून आणला तेव्हा
तीन चाकांवर होता.
चौथं कुठं गेलं,
भंगारवाल्यालाही आठवेना.
माझ्या कंबरेएवढा ट्रॅक्टर,
एका सिलिंडरचा, दहा घोड्यांचा,
सिव्हिल लाइन्सच्या कुठल्याशा बंगल्यातली
हिरवळ कापायला जहाजातून आलेला.
किलोच्या भावानं मिळाला.
वजन होताना चुकून माझाही एक पाय काट्यावर होता,
त्याचेही पैसे दिले.

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली.
ट्रंक कॉलच्या खरखरीतून
अमरावती कुठली, रायपूर कुठलं,
कान सांगायचा.
आता व्हॉल्व्ह ऐकते.

पहिल्या उन्हाळ्यात नुसतं रॉकेल.
आवळून बसलेल्या पिस्टनवर रोज वाटीभर,
बरणीतल्या फोडी बुडेपर्यंत तेल ओततो तसं.
मे महिन्यात पाने हातात धरवत नाहीत,
म्हणून कुलरसमोरच्या खुर्चीत पाने
आणि मी बाजूला, पाटावर.
विसाव्या दिवशी पिस्टन हलला.
केसभर.
कुणाला सांगितलं नाही.
केसभर हललेल्याचं सांगणार काय?

नाण्यानं रंग खरवडला.
वर पिवळा,
खाली दवाखान्याच्या भिंतीचा हिरवा,
त्याच्याखाली लाल,
पण असातसा नाही,
भिवापूरच्या मिरचीचा.
तळहाताएवढाच तुकडा उरला होता, टाकीच्या पोटाशी,
जिथं ऊन कधी गेलं नाही.

मोमिनपुऱ्याच्या मकबूलभाईंनी बुश कातून दिले,
चौथं चाकही जुळवलं, हातगाडीचं.
म्हणाले, नवं इंजिन टाका ना बाई, पंपाचं,
बटन दाबलं की चालू. दोरी कायले ओढता?
नाही म्हटलं.
मॅग्नेटोच्या जागी मात्र मोपेडची कॉइल बसवू दिली.
तेवढी लबाडी मीही केली आहे,
लिहून ठेवली आहे वहीत, तारखेसकट.

मग ब्रेकचं पेडल.
त्याला तारेनं आवळलेला सागाचा ठोकळा,
चार बोटं जाड.
झेरॉक्सच्या पुस्तकात प्रत्येक नटाला नंबर आहे,
वॉशरलाही आहे.
ह्याला नाही.
मूळ वस्तू नव्हे म्हणून काढला,
ट्रेमध्ये टाकला, खिळ्या-मोळ्यांत.
आठवडाभरानं हातात घेतला तेव्हा दिसलं,
एका कडेला तो खोलगट झालाय,
अनवाणी अंगठा बसेल एवढा.

म्हणजे कुणीतरी होता.
उजवा पाय आखूड.
त्यानं साहेबाला सांगितलं नसेल
की माझा पाय पोचत नाही.
रात्री केव्हातरी लाकूड तासलं असेल
आणि सकाळी हिरवळ कापली असेल,
सरळ, पट्ट्यापट्ट्यांनी.

माझे दोन्ही पाय सारखे.
ठोकळ्याशिवाय ब्रेक नीट लागतो.
नवी तांब्याची तार आणली,
होता तिथं परत बांधला.
आता गुडघा जरा वर येतो,
मोटारीत मागं सामान भरून पुढं बसल्यासारखा.

पहिल्यांदा सुरू झाला तो पाचव्या ओढीला.
सगळ्या गल्लीतली कुत्री भुंकली.
खापेकर गुरुजी फाटकात आले,
काहून हो पराते बाई,
वावर तं नाही तुमच्याकडं,
नांगरता काय?
काही नाही, म्हटलं.
त्यांना ते पटलं असावं,
कारण चहा होईपर्यंत उभे राहिले
आणि एकदा बॉनेटवर हात ठेवून पाहिला.

दर रविवारी कोपऱ्यातल्या कडुनिंबापर्यंत जाते,
वळते, येते.
लाल रंग दिलेला नाही अजून.
मकबूलभाईंनी सात नमुने आणले, एकही तो नाही.

खालून तेल गळतं.
कुठून, ते सापडत नाही.
पराती ठेवली आहे.
काल सकाळी नऊ थेंब होते,
आज सात.