टाकीजवळ सोरठी

भाऊबीजेच्या रात्री सेक्रेटरींचा फोन:
गच्चीवर गोंगाट चाललाय, तुम्ही खजिनदार, जरा बघून या.

लिफ्ट सातव्यापर्यंतच. पुढचा जिना
मोबाइलच्या उजेडात चढलो,
रागाचं एक वाक्य तोंडात घोळवत.

टाकीपाशी पाच-सहा वॉचमन,
आपले दोन, बाकी शेजारच्या बिल्डिंगींचे,
एकजण एटीएमवरचा, त्याच्या ड्रेसमध्येच.
कुणाच्यातरी मांडीवर आडवा मादल.
आणि मध्ये टेकमान गुरुंग,
बायकोच्या साडीत राणी झालेला.
मिशी तशीच.

गिरकीत पदर डिश अँटेनाला अडकला.
कुणी हसलं नाही.
त्याने तो सोडवला, सावकाश,
राणीच्या महालात हे रोजचंच असल्यासारखा.

डंबर थापा मगर जवळ सरकून
हळू हिंदीत सांगत होता:
धाकटीला मुलगी झाली,
सवतींनी पेटीत घालून नदीत सोडली.
मग?
मग एका कोळ्याला सापडली.
कुठल्या कोळ्याला?
तो भांडुपच्या दिव्यांपलीकडे,
खाडीच्या काळ्या पट्टीकडे बघत राहिला.
नदी कुठेतरी पोचतेच ना, साहेब.

सेक्रेटरींना म्हणालो, सांगितलंय, संपतंय.
सगळी गोष्ट नाचून व्हायला
किती रात्री लागतात
ते नाही सांगितलं.

सकाळी टेकमान गेटवर, खाकीत.
मी काच खाली केली.
ती मुलगी घरी पोचली का,
विचारायचं होतं.
मागच्या गाडीने हॉर्न दिला.