वारा कुणाच्या नावावर

वाशी नाक्याच्या एकतीस नंबर इमारतीची गच्ची.
लिफ्ट बंद. सात मजले चढून खडी नेली आम्ही,
घमेल्यातून, डोक्यावर, पंधरा दिवस,
आणि वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं:
खडी बाराशे. पाठीचं मलम नव्वद.

वही माझ्याकडे, कारण अक्षर माझं बरं
आणि भांडण मला जमत नाही असं सगळ्यांना वाटतं.

निळे पिंप उभे कापून आडवे मांडले.
खाली चिलापी, तीनशे दहा. वर पालक, पुदिना,
आणि ती परदेशी तुळस,
जिला वृंदावन नाही, पण भाव आहे.
माशांनी मळवलेलं पाणी मोटर वर चढवते,
मुळं हवं ते काढून घेतात,
आणि पाणी न्हाऊन आल्यासारखं खाली उतरतं.
मधलं काम करणारे दिसत नाहीत.
शिकवायला आलेला मुलगा म्हणाला, जिवाणू असतात,
खडीला चिकटून.
तैबुनने विचारलं, मग त्यांचा वाटा किती?
आम्ही हसलो. मी लिहिलं नाही.

जनी वैती पहिल्या दिवसापासून रुसलेली.
माहेर ट्रॉम्ब्याचं. पापलेटाच्या डोळ्यात बघून
ते कुठल्या वारी मेलं ते सांगणारी.
"ही मासली नाय," ती म्हणाली,
"पोवनारी भाजी हाय."
तरी रोज यायची, वाकून कल्ले बघायची.
चाचणीची बाटली हिरवी व्हायच्या आधी
तिला कळायचं, पाणी बिघडलंय.
बाटली तीनशे ऐंशीची. जनीचं नाक फुकट.

एप्रिलात चेंबूरच्या हॉटेलवाल्याने तुळशीचा भाव पाडला.
सेक्रेटरीने गच्चीचं भाडं मागितलं,
वर दोन किलो मासळी, साफ करून.
इन्व्हर्टर पुढच्या महिन्यावर ढकलला.
तेही माझ्याच अक्षरात आहे.

मग ती रात्र. पावणेदोनला वीज गेली.
मोटरचा आवाज थांबला
आणि त्या शांततेनेच मला जाग आली.
वर गेले तर मासे पाण्याच्या कडेला येऊन
तोंडं उघडत होते, सगळे एकदम,
बाजारात भाव विचारावा तसे.
जनी चौथ्या मजल्यावरून धापा टाकत आली, केस मोकळे,
डबा बुडवला, हात डोक्याच्या वर नेला
आणि पाणी सोडलं.
"उंचावरनं," म्हणाली, "त्याला वारा लागू दे."

नऊ बायका, पाच डबे, एक पातेलं.
सव्वातीन तास.
दंड भरून आले तेव्हा हात बदलले, पाणी तेच.
कुणी काही बोललं नाही, फक्त
विशाखा मध्येच एकदा म्हणाली, माझी मुलगी अशीच
इनक्युबेटरमध्ये होती.
पाच वाजता मोटर खोकली आणि फिरली.
छत्तीस मेले. दोनशे चौऱ्याहत्तर उरले.

महिन्याअखेर प्रत्येकीला अकराशे साठ आले.
जी रात्री आली तिला जास्त हवेत, कुणीतरी पुटपुटलं.
तैबुनची तेव्हा हॉस्पिटलात रात्रपाळी होती.
ती म्हणाली, माझे कापा.
त्यावर जे भांडण झालं त्यात चहाला साय धरली,
आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता.
कुणाचेच कापले नाहीत.
पण वहीत मी एक ओळ घातली: वारा, सव्वातीन तास.
जमेत टाकू की खर्चात, कुणाच्या नावावर,
ते कळेना. पुढचा रकाना अजून कोरा आहे.

संध्याकाळी जनी गेटपाशी टोपली घेऊन बसते.
कुणी विचारलं, ताजी आहे का,
तर वर बोट करते: "जाऊन बघ,
बाकीच्या तुजी वाट बगतायत."
स्वतः मात्र खात नाही. पण परवा एक मागून नेली,
नातू तापातून उठला म्हणून. मोजून चाळीस रुपये दिले.
मी नको म्हटलं नाही.
घेतले. लिहिले.