छत्तीस महिने

डुलुथमध्ये उणे बारा, फॅरनहाइट.
शोरूमच्या काचेवर आतून बर्फाची जाळी.
ल्युंडक्विस्ट नावाचा पोरगा, सर्दीनं सोलवटलेलं नाक,
आम्हाला दोन गाड्या दाखवतो.

हा पूर्ण विजेवरचा ट्रक.
इंजिनच्या जागी पुढं रिकामी पेटी.
मुकुलनं झाकण उचलून आत हात घातला, कोपरापर्यंत.
सव्वीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर क्रेन दुरुस्त केलेल्या माणसाचा
पोकळीवर विश्वास बसत नाही.
“आणि बिघडलं तर पाना कुठं लावायचा?”
म्हणजे आवडला.
आवडलेल्या वस्तूच्याच तो खोड्या काढतो.

दुसरी प्लग-इन हायब्रिड. माझं मत तिला.
पहिले बत्तीस मैल विजेवर,
म्हणजे लॅब, वाणसामान, परत घर;
मिनिआपोलिसला लेकीकडे जायचं तर पेट्रोल आहेच पोटात.
पोरगा सांगतो, महिनोन् महिने पेट्रोल वापरलंच नाही
तर गाडी आपली आपणच इंजिन सुरू करते, थोडा वेळ,
टाकीतलं शिळं होऊ नये म्हणून.
मला ते फार पटलं.
मुकुल म्हणाला, एका घरात दोन स्वयंपाकघरं,
आणि दोन्हीकडची भांडी मीच घासायची.

मी विचारलं, ट्रक किती जातो?
“कागदावर तीनशे.”
आजच्यासारख्या दिवशी?
पोरगा टेबलावरचं पेन उगाच सरळ करतो.
“एकशे ऐंशी. वारा नसेल तर.”
मागं बोट जोडली?
“मग त्याच्या निम्मे धरा.”
सरोवरावरून वारा नाही असा दिवस
एकोणतीस वर्षांत मी पाहिलेला नाही.

मग लीज. आधी तीन हजार, पुढं महिना चारशे नव्वद,
वर्षाला दहा हजार मैल,
वरच्या प्रत्येक मैलाला पंचवीस सेंट.
मुदत, 36.
त्याच्या आकड्यात काही दिसत नाही.
पाकिटाच्या मागं मी आपल्या लिपीत लिहून बघितलं:
३६.
पाठीला पाठ. हुबेहूब आम्ही,
हायवे पस्तीसवर, कुठलं वळण घ्यायचं यावरून.
ल्युंडक्विस्टला वाटलं, मी व्याज काढतेय.

“मुख्य चालक कोण लिहू?”
बोटं कीबोर्डवर ठेवून त्यानं विचारलं.
मुकुल काचेवरची जाळी बघू लागला.
नोव्हेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी
चौकटीचौकटींचा कागद त्याच्यापुढं धरला होता.
सरळ रेघा त्याला मधोमध वाकलेल्या दिसल्या.
रात्री चालवू नका, म्हणाल्या. दिवसाचं पुढच्या वर्षी बघू.
छत्तीसातले किती, हे त्यांनीही सांगितलं नाही.

“मी,” मुकुल म्हणाला.
“तोच,” मी म्हणाले.
आणि मग, विचार करून कळवतो.
हे वाक्य कुठल्याही भाषेत बोला, दुकानदाराला कळतं.
पोरग्यानं तरी दोन कॅलेंडरं दिली.

आमच्या जुन्या पेट्रोलच्या ट्रकच्या पुढच्या जाळीतून
एकोणीस हिवाळे एक वायर लोंबतेय,
चुकून पुढं आलेल्या शेपटीसारखी.
इंजिन गोठू नये म्हणून रात्री ती भिंतीत खोचायची.
आमच्या गल्लीत सगळेच खोचतात.
त्याला कुणी प्लग-इन म्हणत नाही.

दहाला मुकुल बाहेर पडला, मफलर कानांवरून.
मी मागून टॉर्च धरला.
सॉकेट त्याच्या अगदी समोर,
म्हणजे नेमकं तिथंच, जिथं आता काही नसतं.
“जरा डावीकडे.”
“माहितेय,” म्हणाला, आणि उजवीकडे गेला.
मग डावीकडे. हातमोजा दातांनी ओढून
उघड्या बोटांनी भिंत चाचपत.

वायरच्या टोकाचा केशरी दिवा लागला.
“झाली का चालू?” त्यानं विचारलं.