फक्त जे दिसलं ते

डुलुथला एप्रिलातही सरोवरावर बर्फ असतो.
आम्ही सातजण, दुसऱ्या वर्षाचे,
तळघरातल्या त्या खोलीत बसतो
जिच्या एका भिंतीला आरसा आहे
आणि आरशापलीकडे मार्लिसबाई.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं :
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ,
लग्न म्हणजे आडवी रेघ,
घटस्फोट म्हणजे त्या रेघेवर दोन तिरपे घाव,
अबोला म्हणजे नुसते ठिपके.
आता आपापलं घर काढा.

रोंडाने विचारलं, आमच्यात आजीची बहीणही आजीच,
तिला कडेला कशी काढू?
बाई म्हणाल्या, तू सांग.
तिने मधोमध चार आज्या काढल्या
आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती जागा दिली.

ओडेल एक्केचाळीसचा,
सतरा वर्षं ट्रक चालवून आलेला.
म्हणाला, मला हा कागद पुरायचा नाही.
दुसरा मागितला, मग चिकटपट्टी.
त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात एक वर्तुळ होतं,
तिथवर ठिपके मोजून नऊ.

पुढे आम्ही पुष्कळ वाचलं.
दुसऱ्याचं दुःख कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं
यावर मी वीस पानं लिहिली, बऱ्यापैकी गुण पडले.
पाकू हॉस्पिटलात जाईल, रोंडा परत तिच्या वस्तीवर,
मला कोर्टाच्या कामात जायचंय.
म्हणून मंगळवारी चार ते पाच
देखरेखीतल्या भेटीला मी कोपऱ्यात.

नावं सांगता येत नाहीत.
फॉर्मवर असतात तसे : वडील. बालक, वय पाच.

वडिलांनी सफरचंदाच्या फोडी आणल्या होत्या,
वाटेतच काळ्या पडलेल्या.
बालक टेबलाखाली गेलं.
त्यांनी ओढून काढलं नाही.
ते स्वतःच सतरंजीवर आडवे झाले, बूट दाराकडे,
आणि एक-एक फोड जमिनीवरून सरकवत राहिले.
तिसरी उचलली गेली.

पाचला आठ कमी असताना
ते तिच्या बुटाची नाडी बांधायला बसले.
बांधली. सोडली. पुन्हा बांधली.
मग दुसऱ्या पायाची.
ती होईतो हिने पहिली हळूच ओढून सोडली
आणि पाय पुढे केला.
कोणी काहीच बोललं नाही.
भिंतीवरच्या घड्याळाकडे तिघांपैकी कोणीच पाहिलं नाही,
मीसुद्धा नाही, आणि माझं तर तेच काम होतं.

अहवालात मी लिहिलं :
वडिलांना निरोप घेणं जड जात होतं.
बाईंनी त्याखाली रेघ मारली. हे दिसलं?
मी खोडलं. लिहिलं :
वडिलांनी नाडी सहा वेळा बांधली.
भेट संपल्याची वेळ, पाच वाजून चार मिनिटं.
त्या चार मिनिटांपाशी बाईंनी काही लिहिलं नाही.
पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता,
जिथे टोक टेकलं असेल, आणि उचललं असेल.
(हाही अंदाजच. खोडायला हवा.)

संध्याकाळी ओडेलने मला घरी सोडलं.
कालव्यावरचा पूल वर गेलेला,
मोसमातलं पहिलं जहाज येत होतं, खनिज न्यायला,
आणि त्याच्यापुढे बर्फ कडकडत फुटत होता.
गाड्यांची रांग. इंजिनं बंद.
ओडेल म्हणाला, दहा मिनिटं तरी जातील.

जे दिसलं ते :
त्याने खिशातून फोन काढला.
मांडीवर ठेवला, पालथा.
उलटा केला. नंबर लावला.
कानाशी धरला तेव्हा त्याचा अंगठा
दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.
मी खिडकीबाहेर तोंड केलं,
जहाजाचं नाव वाचायचा प्रयत्न केला.
पलीकडे वाजत होतं. वाजत होतं.
पूल अजून वरच होता.