थेंबाचं भिंग

अंबडच्या कंपनीने दिलेला टीव्ही
कार्यालयात आहे, निरभवणे सरांच्या खुर्चीमागे.
त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती,
उद्घाटनाची फीत अजून एका कोपऱ्याला चिकटलेली.
विंचूरला दुपारी लाईट नसते
आणि सकाळी लिंक उघडत नाही,
हे मी अहवालात लिहिलं नाही.
अहवालात रकाना होता: वापर, हो की नाही.
मी हो केलं.
रुमाल तर वापरातच आहे.

माझं तंत्रज्ञान म्हणजे, खरं सांगायचं तर,
सहा वर्षांपूर्वीचा फोन.
काचेला तडे, आणि चार्जरची पिन
एका ठरावीक कोनात धरून बसावं लागतं
आजारी माणसाचा हात धरावा तशी.
त्याच्या कॅमेऱ्यावर
खराट्याच्या हिराने उचललेला
एक थेंब पाणी ठेवायचा.
श्वास रोखून फोन पालथा करायचा.
थेंब लोंबतो, पडत नाही.
बस्स. भिंग झालं.

सदतीस मुलं, एक फोन, नियम एकच:
आधी डोळ्यांनी बघून सांगा काय दिसतं,
मग थेंबातून.
घाई करणारा रांगेत मागे.
यशोदीपने मीठ बघितलं, म्हणाला, बाई, खिडक्या!
कुणी मुंगीचा पाय, कुणी कांद्याचा पापुद्रा.
केंद्रप्रमुख आले होते त्या दिवशी.
विचारलं, हे कुठून डाउनलोड केलं?
नळावरून, मी म्हटलं.
त्यांनी लिहून घेतलं.

मग अंगठे.
वर्गभर भोवरे, शंख, वाकडी वळणं,
माझा तुझ्यापेक्षा भारी वगैरे.
ऋणाली गांगुर्डे काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली.
मंदाबाई दारातच थांबल्या, चपला हातात.
लासलगावच्या खळ्यावर अकरा वर्षं
त्या कांद्याच्या मुळ्या कापतात.
रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही.
लिंबू चोळून झालं, खोबरेल लावून झालं,
दुकानदाराने स्वतःच्या शर्टाला पुसून पाहिला.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

बाई, ऋणाली म्हणाली,
आईला आहेत का रेषा?
तुमच्या थेंबात बघा ना.

चार्जिंग नाही म्हणावं, असं मनात आलं.
नेमकं त्या दिवशी होतं. एकसष्ट टक्के.
पहिला थेंब पडला, हात माझाच हलत होता.
दुसरा टिकला.
आधी डोळ्यांनी, ऋणालीने आठवण केली.
म्हणून आधी डोळ्यांनी बघितलं:
गुळगुळीत. विळ्याच्या दोन जुन्या खुणा.
नखात माती.

मग थेंबातून.
बराच वेळ काहीच नाही.
मग अगदी कडेला, नखाशी,
पाळी घालताना बांधालगत राहून गेलेल्या
तासांसारख्या
तीन.
तीन! ऋणाली ओरडली.
कुणी म्हणालं चार. वर्गात भांडण लागलं,
पुन्हा मोजा, तू नको, मी मोजतो.
मंदाबाई पडद्याकडे बघत राहिल्या,
आपल्याच वावराला कुणी नकाशात दाखवावं तशा.
मग म्हणाल्या, याचा फोटू निघंल का?
दुकानदाराला दावते.

मशीनला फोटो चालत नाही.
मला माहीत होतं, त्यांनाही असावं.
मी काढला.
हललेला, अर्ध्यावर थेंबाची कड आलेली.
शेजारी बसून अर्ज लिहिला तहसीलदारांना, निफाड.
खाली सहीच्या जागी
त्यांनी सवयीने अंगठा पुढे केला,
आणि आम्ही दोघी
जरा वेळ तशाच बसलो.

आता हजेरीचं नवीन ॲप आलंय.
आजच्या आज घ्या, असा निरोप.
फोन म्हणतो, जागा नाही.
फोन म्हणतो, हे अस्पष्ट फोटो
काढून टाकायचे का?
आणि यादीत पहिला तोच दाखवतो.

नको.

हजेरी मी वहीत घेतली.
सदतीसपैकी छत्तीस.
ऋणाली आईबरोबर निफाडला गेली आहे.